बसता का?

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजतो, पडद्यावर 'त्या' गृहस्थाचं नाव दिसतं आणि अमेरिकेत ओहायोतल्या डेटन गावच्या आसपासची मराठी घरं एकदम चिडीचूप होतात. नवरा बायकोला खूण करतो, बायको मिक्सर बंद करते. फोन वाजून वाजून थांबतो. मग व्हॉट्सॲपवर दोनच शब्द येतात : "बसता का?"

मराठी माणसाला शनिवारी कुणी 'बसायचं का' असं विचारलं, तर एरवी त्यात नाही म्हणण्यासारखं काही नसतं. इथे मात्र बसायचं ते विमानात. विमानाला सीट दोन. डावीकडे तो स्वतः. उजवीकडची सीट दीड वर्षापासून रिकामी, कारण हे विमान त्याने घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी जोडलंय. त्याच हातांनी त्याने एका वर्षी मंडळाच्या गणपतीचं मखर उभारलं होतं, आणि ते आरतीच्या वेळी कसं बसलं हे सगळ्यांनी पाहिलंय.

गृहस्थाचं नाव इथे देत नाही. खरं सांगायचं तर असे तीन-चार गृहस्थ सुटे करून, त्यांचे बरे बरे भाग निवडून हा एक जुळवला आहे. निम्म्याहून अधिक काम लेखकाचं. हे 'निम्म्याहून अधिक' प्रकरण महत्त्वाचं, कारण अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, म्हणजे एफएए, नेमकं तिथेच बोट ठेवतं. घरी विमान बनवा, खुशाल बनवा, पण बांधणीचा मोठा हिस्सा हौशी माणसाने स्वतः केलेला हवा. या मंडळींच्या बोलण्यात त्याला 'एक्कावन्न टक्क्यांचा नियम' म्हणतात. आणखी एक अट अशी, की हा सगळा उद्योग केवळ स्वतःचं शिक्षण किंवा मनोरंजन एवढ्याचसाठी केलेला असावा. वहिनींनी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा चष्मा खाली करून विचारलं, "शिक्षण तुमचं. मनोरंजन कुणाचं?"

अशी विमानं 'एक्सपेरिमेंटल' वर्गात मोडतात, आणि सरकार ही गोष्ट लपवू देत नाही. आत शिरायच्या जागेजवळ हा शब्द ठळक रंगवायचा. अक्षरं दोन इंचांहून लहान नकोत आणि सहा इंचांहून मोठी नकोत. गृहस्थाने दोन इंच निवडले. वहिनींचं मत सहाला होतं. आत बसल्यावर डोळ्यांसमोर दुसरी पाटी : प्रवाशांना इशारा, हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि प्रमाणित विमानांसाठी असलेले केंद्रीय सुरक्षा नियम ते पाळत नाही. दोन्ही पाट्या वाचूनही पाहुणा बसलाच, तर विमानाचं स्वरूप प्रायोगिक आहे हे वैमानिकाने त्याला सांगायचं, असाही नियम आहे. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलाच्या बापाने आधी दारावर, मग पोह्यांच्या बशीवर आणि शेवटी तोंडी, 'आमच्या चिरंजीवांची खात्री आम्ही देत नाही' असं सांगण्यापैकी हे आहे. लग्नं कशी जमायची? शिवाय या विमानात पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. पैसे देऊन नेता येतात का, याबाबत कायदा गप्प आहे. गृहस्थाने तोही विचार करून पाहिला आहे.

डेटन हे राइट बंधूंचं गाव. त्यांचं विमानही सायकलच्या दुकानात बनलेलं, तेही हौशीच. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर ते पहिल्या खेपेला १२ सेकंद आणि १२० फूट उडालं. त्यात जागा एकालाच होती, त्यामुळे शेजारी कोण बसणार हा प्रश्न तेव्हा आला नाही. दोघे बंधू जन्मभर अविवाहित राहिले. चरित्रग्रंथांत ही माहिती ओझरती येते. ज्या घराची गाडी सात वर्षं गॅरेजबाहेर बर्फात उभी होती, त्या घरात ती वरचेवर येते.

हौशी विमानकारांचा कुळपुरुष म्हणजे पॉल पोबेरेझ्नी. १९५३ साली मिलवॉकीत त्याने 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' काढली. कचेरी कुठे, तर त्याच्या घराच्या तळघरात. दोन वर्षांनी त्याने 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकात 'बेबी एस' नावाचं विमान घरी कसं बनवायचं ते लिहिलं. खर्च इंजिनासकट ८०० डॉलरच्या आत. गृहस्थाने वहिनींची परवानगी मिळवली ती हाच लेख दाखवून. मासिकावरचं साल अंगठ्याखाली होतं. प्रत्यक्षात बिलं लाख डॉलरच्या पुढे गेली तेव्हा तो म्हणाला, "महागाई."

पोबेरेझ्नीच्याही आधीचा फ्रान्सचा आंरी मिन्ये. त्याने १९३३ साली एक इवलंसं विमान उडवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पू द्यू सिएल', म्हणजे आभाळातली ऊ. त्याचं पुस्तक वाचून फ्रान्स-इंग्लंडात शेकडो लोकांनी परसात उवा पैदा केल्या. पुढे अपघात झाले, सरकारांनी बंदी घातली आणि आभाळ विंचरून साफ झालं. ही हकिगत गृहस्थ पाहुण्यांना मोठ्या हौसेने सांगतो. विमान दाखवायला नेताना सांगतो. तिथेच चुकतं.

त्याने घेतलं ते आरव्ही-७ चं किट. ऑरेगन राज्यात रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ साली सुरू केलेल्या कंपनीची ही आरव्ही जात. तिची दहा हजारांहून जास्त विमानं लोकांनी घरी जोडून उडवलेली आहेत. किट हप्त्याहप्त्याने मागवता येतं आणि रिवाज असा की पहिल्यांदा शेपूट मागवायचं. मराठीत हत्ती जातो आणि शेपूट राहतं. इथे शेपूट येतं आणि हत्ती राहतो. शेपूट जोडून भिंतीला टेकवून ठेवलेली आणि पंखांची ऑर्डर न गेलेली गॅरेजं अमेरिकेत किती असतील, ते त्या त्या घरच्या वहिन्यांनाच ठाऊक.

पत्रा ॲल्युमिनियमचा, जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या आत. तो जोडायचा रिव्हेटने. दहा हजारांहून जास्त रिव्हेट. रिव्हेट मारणं हे एकट्याचं काम नाही. बाहेरून एकाने हवेवर चालणारी गन टाकटाक टाकटाक चालवायची, आतून दुसऱ्याने पोलादाचा गुळगुळीत ठोकळा रिव्हेटच्या बुडाशी घट्ट धरायचा. दुसरं कोण असणार? वहिनींचा हात बारीक, म्हणून त्या आत. विमानाच्या शेपटीकडच्या निमुळत्या नळकांड्यात, जुन्या चादरीवर पालथं पडून, कानांत बोळे, तोंडाला मास्क, एका हातात ठोकळा आणि दुसऱ्या हातात टॉर्च. बाहेरून आवाज यायचा, "रेडी?" आतून यायचा, "भाजी लागतेय खाली." गन घसरली की पत्र्यावर छोटी चंद्रकोर उमटते. कारागीर मंडळी तिला लाडाने 'स्मायली' म्हणतात. ठोकळा कलला की रिव्हेटचं डोकं एका बाजूला झुकतं; मग तो ड्रिलने अलगद पोखरून काढायचा आणि भोक मोठं झालं नसेल तर नवा मारायचा. उजव्या सीटखालच्या पट्टीतले सात रिव्हेट वहिनींना पसंत नव्हते. गृहस्थाने गेज लावून मोजले, नियमात बसत होते. वहिनी म्हणाल्या, "बसत असतील. मी बसणार नाही."

म्हणजे पहिला नकार विमान तयार व्हायच्या आधीच आला. बाहेरच्या माणसाला भीती वाटते ती अज्ञानापोटी. ठोकळा धरलेल्या माणसाला आतलं सगळं माहीत असतं.

'कधी होणार?' या प्रश्नाला या धंद्यात ठरलेलं उत्तर आहे : नव्वद टक्के झालंय, आता फक्त नव्वद टक्के उरलंय. सात वर्षं ते उत्तर पुरलं. अखेर तपासनीस आला, त्याने टॉर्च मारून सगळे कोपरे पाहिले, हजारो फोटोंची वही चाळली आणि उड्डाणयोग्यतेचा दाखला दिला. हा दाखला गुलाबी कागदावर असतो. गृहस्थाने कंपनीतून घरी मेसेज टाकला, 'गुलाबी कागद मिळाला!' तो सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि अमेरिकेत गुलाबी चिठ्ठी म्हणजे नोकरी गेल्याचा निरोप. वहिनींनी तासाभरात दोन क्रेडिट कार्डं बंद केली आणि भावाला फोन केला.

नोंदणीत आणखी एक सुख आहे. हौशी विमानाच्या निर्मात्याच्या रकान्यात बांधणाऱ्याचंच नाव लागतं. बोइंग, सेस्ना, पायपर आणि त्याच रकान्यात सांगलीचं एक आडनाव. गृहस्थाने त्या पानाची रंगीत प्रत काढून फ्रेम केली. विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करायचा परवानाही बांधणाऱ्याला मिळतो; पण एका विमानामागे एकालाच. तो त्याच्या नावावर आहे. हा विषय घरात काढायचा नसतो.

दाखला मिळाला तरी लगेच कुणाला शेजारी बसवता येत नाही. आधी ठरवून दिलेल्या हद्दीत चाचणीची उड्डाणं करायची. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर २५ तास, नसेल तर ४०. गृहस्थाने वजन वाचवायला प्रोपेलर निराळा लावला, म्हणून ४०. या काळात प्रवाशाला बंदी.

आणि हाच त्याच्या आयुष्यातला सुवर्णकाळ ठरला. बंदी आहे म्हटल्यावर कोण उसळली माणसं! गणपतीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवात, दिवाळी पहाटेला जो तो खांद्यावर हात ठेवायचा. "पहिला नंबर माझा हं." "अरे, मला तर लहानपणापासून..." "कायदा नसता तर आत्ता बसलो असतो." गृहस्थाने साधेपणाने वहीत नावं लिहून घेतली. एकोणीस झाली.

चाळीस तासांत विमान पूर्ण वजनासकटही उडवून पाहायचं असतं. माणूस तर बसवता येत नाही. मग शेजारच्या सीटवर वजन बांधतात. कुणी वाळूच्या पिशव्या, कुणी मिठाच्या. गृहस्थाने इंडियन ग्रोसरीतून वीस वीस पौंडांच्या बासमतीच्या आठ पिशव्या आणल्या. त्या सीटवर रचल्या, वरून चार पट्ट्यांचा बेल्ट आवळला. या विमानात प्रवाशाच्या दोन गुडघ्यांमध्येही विमान चालवायची दांडी असते. तांदळाने ती ओढू नये म्हणून काढून ठेवली. एकशे साठ पौंड बासमती ओहायोच्या आकाशात गेला, वळला, चढला, उतरला, पण एकदाही म्हणाला नाही, "अहो, जरा हळू."

चाळीस तास भरले. गृहस्थाने वही उघडली.

पहिल्या नंबरचा गुडघा त्याच आठवड्यात धरला. दुसऱ्याच्या मुलीची बुद्धिबळाची स्पर्धा निघाली, आणि पुढे दर शनिवारी निघतच राहिली. तिसरा म्हणाला, आमच्याकडे सुतक आहे. विमानाला सुतक कसं लागतं, असं विचारल्यावर म्हणाला, आईला विचारून सांगतो. दोघं हँगरपर्यंत आले, दोन इंची अक्षरांशेजारी उभे राहून फोटो काढले आणि 'माय फर्स्ट फ्लाइट' म्हणून फेसबुकवर टाकले. त्यांची गाडीसुद्धा बंद केलेली नव्हती.

जे खरोखर निघाले त्यांना गृहस्थाने स्वतःच पळवलं. छोट्या विमानात कुठे किती वजन आहे याचा हिशेब उड्डाणाआधी करावा लागतो. त्यात सवलत नाही. पण मंडळाच्या पाडवा पहाटेत, श्रीखंड वाढून घेत असलेल्या बाईंना मागून येऊन, "तुमचं वजन किती?" असं विचारण्यात एक वेगळाच धोका आहे. बाईंनी वाटी खाली ठेवली. यजमान म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय?" गृहस्थ म्हणाला, "कपड्यांसकट सांगा." त्या घराशी बोलणं बंद आहे.

मग सांगलीहून आई आली, सहा महिन्यांसाठी. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. विमानाला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, पायरीवर चढून आत डोकावली आणि समोरची पाटी पेपर तपासावा तशी बोट ठेवून वाचली.

"डज नॉट कम्प्लाय. म्हणजे नापास ना रे?"

"नापास नाही गं. परीक्षेलाच बसलेलं नाही."

"म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म."

"तसंच काहीसं."

"सतरा नंबरवालेही पास होतात कधीकधी," आई म्हणाली आणि पायरी उतरली.

त्याने राइट बंधूंच्या वडिलांचं उदाहरण दिलं. मिल्टन राइट १९१० साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, ऑर्व्हिलच्या शेजारी बसून उडाले होते. त्याच दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना एकत्र उडायची परवानगी दिली. एरवी दोघांनी एकदम वर जायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. आईने शांतपणे ऐकून घेतलं. "त्यांना मागे आणखीही मुलं होती. मला तू एकटा. तू जा वर, मी खाली थांबते. कुणीतरी खाली हवंच."

सासऱ्यांनी कांदिवलीहून व्हिडिओ कॉलवर विमान पाहिलं. "जावईबापू, ॲव्हरेज किती देतं?"

"लिटरला नऊएक किलोमीटर."

"म्हणजे आमच्या ॲम्बॅसेडरएवढंच." मग थोडं थांबून, "आमच्या चारकोपच्या त्या अमोल यादवांनी सहा सीटचं केलं बरं का. तेही गच्चीवर."

ही खोच जिव्हारी लागणारी होती, कारण खरी होती. तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेल्या अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर, जिथे बाकीची मुंबई पापड वाळत घालते, तिथे सहा सीटचं विमान उभं केलं. ते क्रेनने खाली उतरवून २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं. पुढची चढण मात्र कागदांची होती : नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं, उडण्याची परवानगी मिळायला २०१९, आणि मग ते धुळ्याला उडालं. ओहायोच्या गृहस्थाला यादवांच्या जिद्दीचं कौतुक आहेच. पण सहा सीट ऐकून त्याच्या पोटात गोळा आला. इथे एक भरता भरत नाही. तिथे वैमानिक सोडून पाच!

जुलैअखेरीला तो विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला जाऊन आला. पोबेरेझ्नीच्या संघटनेची जत्रा तिथे भरते. आठवडाभरात दहा हजारांच्या आसपास विमानं येतात आणि तिथला कंट्रोल टॉवर तेवढ्यापुरता जगातला सर्वांत गजबजलेला होतो. गर्दी एवढी की येणाऱ्या वैमानिकाने रेडिओवर बोलायचंच नाही, नुसतं ऐकायचं. फिस्क नावाच्या वस्तीजवळ जमिनीवर बसलेला कंट्रोलर दुर्बिणीतून पाहून पुकारतो : निळं, खाली पंख असलेलं विमान, पंख हलवा! मग निळ्याने पंख हलवायचे. गुबुगुबु वाजलं की नंदीबैल मान हलवतो, अगदी तसं. पुढे धावपट्टीवर रंगीत ठिपके काढलेले असतात. गुलाबी शर्टातला कंट्रोलर सांगेल त्या ठिपक्यावर उतरायचं. गृहस्थाला नारिंगी ठिपका मिळाला, तो हिरव्यावर टेकला. तरी "वेलकम टू ऑशकॉश" ऐकून त्याचे डोळे भरून आले. ते पुसायचं निमित्त करून शेजारी पाहिलं, तर तंबू, स्लीपिंग बॅग आणि चिवड्याचा डबा.

तिथे दिसलं की हे दुःख त्याच्या एकट्याचं नाही. फ्रान्सच्या मिशेल कोलोंबां यांनी तर 'क्रि-क्रि' नावाचं दोन इंजिनांचं एवढंसं विमान बनवलं, ज्याचं रिकामं वजन फक्त ७८ किलो. सीट एकच. प्रश्नच मिटवला.

परतल्यावर दर शनिवारी तो एकटाच उडू लागला. अमेरिकी हौशी वैमानिकांत 'शंभर डॉलरचा हॅम्बर्गर' म्हणून एक जुना प्रकार आहे : भूक लागली की शंभर मैलांवरच्या एखाद्या धावपट्टीशेजारच्या हॉटेलात उडत जायचं, बर्गर खायचा आणि परत यायचं. पेट्रोल धरून तो शंभराला पडतो. गृहस्थ शाकाहारी. तो शंभर डॉलरचे फ्रेंच फ्राइज खातो. उजव्या सीटवर तांदूळ तसाच असतो. आता त्याची सवय झालीय, आणि वळणावर बरंही वाटतं.

भाद्रपद आला. मंडळाच्या महाप्रसादाला सव्वाशे पानं ठरली, मसालेभाताचं काम वहिनींकडे. आदल्या शनिवारी सकाळीच त्या गाडी घेऊन हँगरवर आल्या.

"तांदूळ उतरवा."

"आत्ता निघालो होतो."

"मसालेभात कशाचा करू? तुमच्या रिव्हेटचा?"

आठही पिशव्या गाडीच्या डिकीत गेल्या. गृहस्थ रिकाम्या सीटकडे बघत उभा राहिला. वहिनींनी हात झटकले, पायरी चढून आत वाकल्या, सीटची गादी उचलली, खालच्या पट्टीवरचे सात रिव्हेट बोटाने एकेक चाचपले आणि गादी पुन्हा बसवली. मग ओढणी कमरेला खोचून सीटवर बसल्या.

गृहस्थ काही बोलला नाही. इतक्या दिवसांत एवढं त्याला कळलं होतं. त्याने फोन काढून वजनाचा हिशेब भरायला घेतला. वैमानिक, पेट्रोल, सामान शून्य. 'प्रवासी' या रकान्याशी अंगठा थबकला. वीस सेकंदांनी त्याने १२५ पौंड लिहिले.

वहिनींनी मान तिरकी करून पाहिलं. "हा आकडा मंडळात सांगायचा आहे. खरा लिहा."

त्याने खोडून १३२ केले. वहिनींनी फोन हातातून काढून घेतला, स्वतः आकडा टाकला आणि पडदा पालथा करून परत दिला.

आता एकच नियम उरला होता. त्याने घसा साफ केला. "हे विमान प्रायोगिक स्वरूपाचं आहे, हे मी तुम्हाला..."

"माहितेय," वहिनी बेल्ट आवळत म्हणाल्या. "एकोणपन्नास टक्के माझं आहे."